पूल आणि धरणे यांची नाडीपरीक्षा

फाल्गुन सरत आला की बाजारात माठांच्या उतरंडी लागतात. माठ निवडताना घरातील वडीलधारी बाई काय करते, हे आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले असेल. ती माठ एका हाताने गळ्याशी धरून अधांतरी उचलते, दुसऱ्या हाताच्या बोटांनी त्याच्या पोटावर टिचकी मारते आणि क्षणभर कान देऊन ऐकते. आवाज खणखणीत आला तर माठ बाजूला काढला जातो. बद्द आला तर "ह्यो नको बाबा, दुसरा दाव," असे म्हणून तो परत केला जातो. कुंभार शपथेवर सांगत असतो की माठाला कोठेही चीर नाही, आणि डोळ्यांना ती दिसतही नाही. परंतु कानांना ती ऐकू येते.

पूर्वी आगगाडी मोठ्या स्थानकात थांबली म्हणजे लांब दांड्याचा हातोडा घेतलेला एक कामगार डब्यांच्या बाजूने चालत जाई आणि प्रत्येक चाकावर एक ठोका देत पुढे सरके. प्रवाशांना त्या ठोक्यांचे प्रयोजन कळत नसे. तो मनुष्य करीत होता तेच, जे आपली आजी माठाच्या बाबतीत करते. निर्दोष चाक घंटेसारखे वाजते, तडकलेले चाक तसे वाजत नाही.

आता असा विचार करा की माठाच्या जागी शंभर मीटर उंचीचे धरण आहे, अथवा नदीवरील पूल आहे. त्यांच्यावर टिचकी मारून ऐकता येईल काय? येते, आणि ती विद्या आज पुष्कळ पुढे गेली आहे. प्रस्तुत लेखात तिचाच परिचय करून देण्याचा विचार आहे.

प्रथम मडक्याचा आवाज का बदलतो ते पाहू. टिचकी मारली की मडक्याची भिंत आतबाहेर थरथरू लागते. ही थरथर म्हणजे कंपन, आणि एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे वारंवारता. प्रत्येक वस्तूला ठोका देऊन मोकळे सोडले असता ती आपल्या स्वतःच्या ठराविक वारंवारतेने हलते. ठोका हळू असो वा जोराचा असो, हेलकावा लहानमोठा होईल, परंतु सेकंदातील फेऱ्यांची संख्या जवळजवळ तीच राहील. हिला त्या वस्तूची स्वाभाविक वारंवारता म्हणतात. तंबोऱ्याची तार हळू छेडली काय किंवा जोराने छेडली काय, सूर तोच निघतो, हे आपल्या शेजारच्या मिरजेच्या तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांना कोणी शिकवावे लागत नाही.

ही स्वाभाविक वारंवारता दोन गोष्टींवर अवलंबून असते : वस्तूचा ताठपणा आणि तिचे वस्तुमान. ताठपणा वाढला की ती वाढते, वस्तुमान वाढले की घटते. परंतु हा संबंध सरळ प्रमाणाचा नसून वर्गमुळाचा आहे. ताठपणा चौपट केला तर वारंवारता दुप्पट होते. वस्तुमान चौपट केले तर ती निम्मी होते. हे वर्गमूळ विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात धरावे, कारण पुढे ते आपणांस चांगलेच छळणार आहे.

मडक्याला चीर गेली की त्याची माती कमी होत नाही, म्हणजे वस्तुमान तेच राहते. परंतु भिंतीचा ताठपणा घटतो आणि म्हणून सूर उतरतो. शिवाय चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासतात, त्या घर्षणात कंपनाची शक्ती खर्च होते आणि नाद लवकर विरतो. आवाज बद्द वाटतो तो या दोन्ही कारणांनी. सूर किती उतरला आणि नाद किती लवकर विरला, या दोहोंचे मोजमाप अभियंतेही करतात. दुसऱ्या गोष्टीला ते अवमंदन म्हणतात.

पूल हलतो, धरण हलते, असे म्हटले की पुष्कळांना ते खरे वाटत नाही. गळीत हंगामात उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढीत एखादा ट्रॅक्टर पुलावरून जात असता कठड्यापाशी क्षणभर उभे राहून पाहावे. पायांखाली बारीकशी थरथर जाणवते. यात भिण्यासारखे काही नाही. मध्यम लांबीच्या गाळ्यांचे रस्त्यावरील पूल बहुधा सेकंदाला दोनपासून दहा वेळांपर्यंत हलतात. हा हेलकावा इतका सूक्ष्म असतो की डोळ्यांना तो दिसत नाही.

धरणाच्या कंपनाची गोष्ट मात्र आपल्याच मुलखातील आहे, आणि ती जगभरच्या अभियंत्यांना ठाऊक आहे. सदलग्याच्या वायव्येस सरळ रेषेने सुमारे सव्वाशे किलोमीटरवर कोयना धरण आहे. उंची १०३ मीटर. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यामागे शिवाजीसागर जलाशय भरू लागला आणि त्या परिसरात भूकंपाचे लहानमोठे धक्के जाणवू लागले. म्हणून तेथे भूकंपमापनाची व्यवस्था झाली आणि खुद्द धरणाच्या आतील एका बोगद्यात जोराच्या धक्क्याचे त्वरण नोंदणारे यंत्र बसविण्यात आले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.५ इतकी मानतात. कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तो धक्का पश्चिम भारतात दूरवर जाणवला. आपल्या घरी त्या वेळी जाणत्या वयाचे कोणी असतील, तर त्या पहाटेची हकीकत त्यांना अवश्य विचारावी.

धरणातील यंत्राने तो धक्का टिपला. धरणाच्या लांबीच्या दिशेने जमिनीचे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या ०.६३ पट आणि नदीप्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट इतके भरले. ०.६३ पट म्हणजे किती? पन्नास किलोग्रॅम वजनाच्या मुलाला कोणी साडेएकतीस किलोग्रॅम भाराइतक्या जोराने आडवे ढकलावे, आणि लगेच उलट दिशेने खेचावे, तितके. धरणाचा आराखडा करताना मात्र भूकंपासाठी वजनाच्या केवळ विसाव्या भागाइतका, म्हणजे ०.०५ पट, आडवा जोर धरलेला होता.

हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून आराखडा करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते बरोबर नव्हे. त्या काळी जगात सर्वत्र तसाच हिशोब करीत. खरी उणीव आकड्याच्या लहानपणात नव्हती, ती कल्पनेत होती. धरण म्हणजे एक निर्जीव, कठीण ठोकळा असून तो जमिनीबरोबर जसाच्या तसा हलतो, असे त्या हिशोबात गृहीत होते. धरण तसे नसते. ते बुडाशी घट्ट रोवलेल्या पोलादी पट्टीसारखे असते. बूड हलले की शेंडा त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक हलतो. बाहेरून धरण एकसंध भिंत दिसत असले तरी ते शेजारी शेजारी उभारलेल्या खंडांचे बनलेले असते, आणि त्यांतील प्रत्येक खंड आपल्या स्वाभाविक वारंवारतेने डोलतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी चक्रबर्ती यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोयनेच्या उंच खंडाचा एक हेलकावा, जलाशय रिकामा धरल्यास, सुमारे एक तृतीयांश सेकंदाचा येतो, असे दाखविले. म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन कंपने. भूकंपाच्या धक्क्यात या वेगाची कंपने भरपूर होती. खंड डोलू लागले, आणि पायथ्यापासून सुमारे ६६ मीटर उंचीवर, जेथे धरणाची खालच्या अंगाची बाजू एकदम उभी होते व जाडी कमी होते, तेथे कित्येक खंडांना आडव्या चिरा पडल्या. पोलादी पट्टी रुंद भागापाशी न वाकता अरुंद भागापाशी वाकावी, तसेच ते झाले.

धरण फुटले नाही. चिरांची दुरुस्ती झाली. पुढे १९७३ पर्यंत सांडव्याबाहेरच्या भागाला खालच्या बाजूने काँक्रीटचे आधार देऊन तो बळकट करण्यात आला आणि २००६ साली सांडव्याचा भागही बळकट करण्यात आला. कोयनेची ती नोंद आजही धरणांच्या हिशोबाची नवी पद्धत तपासून पाहण्यासाठी देशोदेशींचे संशोधक वापरतात. येथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. यंत्र भूकंपानंतर आणून बसविले असते, तर ढिगारे मोजता आले असते, चिरा मोजता आल्या असत्या, परंतु धरणाने काय सोसले ते कधीच कळले नसते. यंत्र आधी बसविलेले होते.

वास्तूच्या प्रकृतीची परीक्षा करण्याची जी पद्धत आज रूढ होत आहे, तिचा पाया याच गोष्टीत आहे. वैद्य रोग्याची नाडी पाहतो तेव्हा निरोगी माणसाची नाडी कशी चालते हे त्याला आधीच माहीत असते. परंतु माणसे सारखी असतात, पूल सारखे नसतात. एका पुलाची वारंवारता तीन आणि दुसऱ्याची पाच, यावरून पहिला आजारी असे म्हणता येणार नाही. पहिल्याचा गाळा लांब असेल इतकेच. पुलाची तुलना त्याच्याशीच करावी लागते. तो नवा व निकोप असताना त्याची कंपने मोजून ठेवली असतील, तरच दहा वर्षांनी घेतलेल्या मोजमापाला अर्थ येतो. जन्मवेळेचे वजन लिहून ठेवले नाही, तर मूल किती वाढले हे कसे सांगणार?

हे मोजमाप कसे करतात? पुलाला हातोड्याने ठोकण्याची सहसा गरज पडत नाही. वाहने, वारा, नदीचा प्रवाह हेच पुलाला सतत लहान लहान ठोके देत असतात. पुलावर ठिकठिकाणी त्वरणमापक नावाची यंत्रे बसवितात. त्वरणमापकाचे मूळ तत्त्व सोपे आहे. पेटीत एक लहानसे वजन स्प्रिंगला बांधलेले असते. पेटी हलली की वजन मागे रेंगाळते, आणि ते किती रेंगाळले यावरून त्वरण कळते. पूर्वीची यंत्रे बोजड असत. आता हीच रचना सिलिकॉनच्या तांदळाएवढ्या तुकड्यात करतात, आणि तसा एक तुकडा आपल्या घरच्या मोबाइल फोनमध्येही असतो. फोन आडवा केला की पडद्यावरील चित्र आडवे होते, ते त्याच्यामुळेच. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पुलावरून जाणाऱ्या मोटारींतील साध्या फोनांच्या नोंदींवरून त्या प्रचंड पुलाच्या वारंवारता काढून दाखविण्यात आल्या.

यंत्राची नोंद कागदावर उमटली म्हणजे ती वेडीवाकडी, अर्थशून्य वाटते. तिच्यात अनेक कंपने मिसळलेली असतात. फ्रेंच गणिती फूर्ये यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उष्णतेचा अभ्यास करताना असे दाखविले की कोणतीही गुंतागुंतीची लाट अनेक साध्या लाटांची बेरीज म्हणून मांडता येते. त्यांच्या गणिताची चाळणी लावली की मिसळलेल्या धान्यातून ज्वारी, हरभरा आणि तूर वेगवेगळी व्हावी, तशी एकेक वारंवारता वेगळी होते. पुलाला एकच वारंवारता नसते, पुष्कळ असतात. दोन मुलांनी दोरीची टोके धरून झोका दिला तर कधी सगळी दोरी एकदम वरखाली होते, आणि हात लवकर हलविला तर दोरीचा अर्धा भाग वर असता अर्धा खाली जातो, मधला बिंदू जागीच राहतो. पुलाचेही तसेच होते. कोणत्या वारंवारतेला पुलाचा कोणता भाग किती हलतो, हे पाहून दोष साधारण कोठे असावा याचा अंदाज बांधता येतो.

येथे अनुनादाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण शाळेत पुलाच्या कंपनांचा विषय निघाला की विद्यार्थ्यांना हीच गोष्ट आठवते. सैनिकांनी पुलावरून पावले मिळवून चालू नये, हा नियम प्रसिद्ध आहे. १८३१ साली इंग्लंडात मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथील झुलता पूल सैनिकांच्या एका तुकडीखाली कोसळला, तेव्हापासून ही खबरदारी घेऊ लागले. अमेरिकेतील टॅकोमा येथील पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी वाऱ्याने पिळवटून पडला, तेही उदाहरण पुस्तकांतून अनुनादाचे म्हणून दिले जाते. ते तितकेसे बिनचूक नाही. वाऱ्याचे झोत पुलाच्या तालावर येत नव्हते. हलणारा पूलच वाऱ्याकडून दर हेलकाव्याला नवी शक्ती शोषून घेत होता. असो. आपला विषय पूल कंपनाने पडण्याचा नाही, कंपनावरून पुलाची प्रकृती ओळखण्याचा आहे. या दोन गोष्टींची गल्लत होऊ नये.

इतके वाचून कोणास वाटेल की मग प्रत्येक पुलावर यंत्र बसविले म्हणजे झाले. सूर उतरला की घंटा वाजेल आणि आपण पूल बंद करू. दुर्दैवाने गोष्ट इतकी सोपी नाही, आणि ती का सोपी नाही हे समजणे हाच या विषयातील खरा अभ्यास होय.

मागे सांगितलेले वर्गमूळ येथे आडवे येते. समजा, पुलाचा ताठपणा शेकडा दहाने घटला. हे नुकसान लहान नव्हे. वारंवारता मात्र ०.९ च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे जवळजवळ ०.९५ पट होईल. ती केवळ पाच टक्क्यांनी उतरेल. सेकंदाला तीन कंपने होती, तेथे २.८५ होतील. हा फरक यंत्राला सहज कळतो. पण अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील एका पुलावर मोजमाप केले असता असे आढळले की काहीही बिघाड नसताना केवळ दिवसरात्रीच्या उन्हाथंडीने वारंवारता सुमारे पाच टक्क्यांनी बदलते! स्वित्झर्लंडमध्ये झेड-२४ नावाचा एक पूल १९९८ साली पाडावयाचा होता. पाडण्यापूर्वी जवळजवळ वर्षभर त्याची कंपने नोंदली गेली. हिवाळ्यात वरचे डांबर गोठून कडक झाले की पूल अधिक ताठ होई आणि त्याचा सूर चढे. धरणांच्या बाबतीत पाण्याचा प्रश्न येतो. धरण डोलते तेव्हा त्याला टेकलेले पाणीही त्याच्याबरोबर मागेपुढे होते, म्हणजे जणू धरणाचे वस्तुमान वाढते. त्यामुळे पावसाळ्याच्या शेवटी जलाशय तुडुंब असताना घेतलेली नोंद आणि वैशाखात तळ गाठलेला असताना घेतलेली नोंद यांची तुलना करून कोणी 'धरण बिघडले' म्हणेल, तर तो फसेल.

याहूनही डोळे उघडणारा प्रयोग १९९३ साली झाला. अमेरिकेतील आल्बुकर्की शहराजवळ रिओ ग्रांडे नदीवरील एक जुना पूल पाडण्यात येणार होता. लॉस आलामोस येथील प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या सुमारे तीन मीटर उंचीच्या पोलादी तुळईला मुद्दाम, टप्प्याटप्प्याने, छेद देण्याची व्यवस्था केली आणि प्रत्येक टप्प्यानंतर कंपने मोजली. निकोप स्थितीत पहिली वारंवारता सेकंदाला २.४८ होती. पहिले दोन छेद दिल्यावर ती उतरली नाहीच, उलट किंचित वर गेलेली दिसली. तुळईचा खालचा सगळा भाग तोडून टाकला, तेव्हा कोठे ती २.३० वर आली. म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास घट. मोठ्या वास्तूत एका तुळईचा भार इतर भाग आपसांत वाटून घेतात, त्यामुळे एकाची दुखापत बाकीचे काही काळ झाकून ठेवतात.

म्हणून कंपनांची परीक्षा करणारा जाणता अभियंता एकाच आकड्यावर विसंबत नाही. तो तापमान लिहितो, पाण्याची पातळी लिहितो, वर्षावर्षाच्या नोंदी ठेवतो, आणि ऊन, थंडी, पाणी यांच्यामुळे होणारा बदल वजा केल्यावर जे उरेल त्याकडे संशयाने पाहतो. संशय आला की डोळ्यांनी, हातांनी, दोरावर लोंबकळून जाऊन तो भाग तपासावाच लागतो. पुण्याजवळ खडकवासला येथे १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. धरणे, त्यांवरील भूकंपाचे परिणाम आणि कंपने यांचा अभ्यास तेथे चालतो. आपल्यापैकी ज्यांना गणित व पदार्थविज्ञान यांची गोडी आहे, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

आता आपल्या परिसराकडे वळू. राधानगरी तालुक्यातील काळम्मावाडी धरणातून निघालेली दूधगंगा आपल्या उशाशी वाहते. वेदगंगा, पंचगंगा, कृष्णा दूर नाहीत. २०१९ च्या श्रावणात या नद्यांनी काय केले ते आपण पाहिले, २०२१ सालीही पाहिले. बंधारे तर दर पावसाळ्यात बुडतात. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले, हे महापुरात दोन्ही राज्यांतील लोक तासातासाला एकमेकांना विचारीत असतात. पाण्याची पातळी सर्वांना तोंडपाठ असते. पण पूर ओसरल्यावर पुलाच्या पायाखाली काय उरले, हे कोणी विचारीत नाही. पुराचे वेगवान पाणी खांबांच्या बुडाभोवती भोवरे करून तेथील माती व वाळू उकरून नेते. पाणी ओसरताना गाळ पुन्हा त्या खड्ड्यात बसतो आणि वरून सगळे जागच्या जागी आहे असे भासते. डोळ्यांनी केलेल्या तपासणीला हे फसविते. खांबाचा आधार मात्र सैल झालेला असतो, आणि सैल आधाराचा खांब आडव्या दिशेने पूर्वीपेक्षा हळू डोलतो. पुराआधी व पुरानंतर, पाणी सारखेच खाली असताना, खांबाची आडवी कंपने मोजली तर हा फरक सापडण्याचा संभव असतो. जपानमध्ये रेल्वेच्या पुलांचे खांब पुरानंतर जड वजनाचा धक्का देऊन याच रीतीने तपासतात.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतला दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. अंधारात दोन एस. टी. गाड्या आणि इतर वाहने त्याबरोबर गेली. त्या पुलावर कंपनमापक असता तर ती माणसे वाचली असती, असे मी म्हणणार नाही. दगडी कमानीचा जड पूल पुरात काही तासांत ढासळू शकतो आणि कोणत्या घटकेला सूर उतरला हे कळून वाहने थांबविण्याइतका अवधी मिळाला असता की नाही, हे सांगणे धाडसाचे होईल. इतके मात्र निश्चित की ज्या पुलाची एकही जुनी नोंद नाही, त्याच्याविषयी यंत्राला तर नाहीच, अनुभवी अभियंत्यालाही आदल्या दिवशी फारसे काही सांगता येत नाही. जुने पूल आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांवरून जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या बैलगाडीच्या काळापेक्षा कितीतरी जड आहेत.

ज्यांना हे सर्व स्वतः अनुभवावयाचे असेल, त्यांच्यासाठी एक प्रयोग सुचवितो. दोन बोटे रुंद व हातभर लांब अशी पातळ लोखंडी पट्टी घ्यावी आणि तिचे एक टोक टेबलाच्या कडेला शिकंज्यात घट्ट आवळावे. मोकळ्या टोकाला पन्नास ग्रॅमचे वजन बांधावे, म्हणजे ती हळू डोलेल. टोक किंचित ओढून सोडावे आणि वीस हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते पाहावे. हेलकावे डोळ्यांनी मोजता येत नसतील तर मोबाइलवर चित्रफीत घेऊन ती सावकाश चालवून मोजावी. असे निदान पाच वेळा करून सरासरी काढावी, कारण आपला हात आणि आपले घड्याळ यांची चूक किती हे आधी कळले पाहिजे. मग शिक्षकांच्या देखरेखीखाली, वजनापासून चार बोटे अंतरावर, पट्टीच्या कडेला करवतीने रुंदीच्या निम्म्यापर्यंत छेद द्यावा आणि पुन्हा मोजावे. बहुधा काहीच फरक दिसणार नाही, किंवा दिसला तरी तो आपल्या मोजण्याच्या चुकीत बुडून जाईल. आता तशीच दुसरी, न कापलेली पट्टी घेऊन तिचीही सरासरी आधी काढावी, आणि तेवढाच छेद शिकंज्याला अगदी लागून, जेथे पट्टी सर्वांत अधिक वाकते तेथे, द्यावा. या वेळी वीस हेलकाव्यांना लागणारा वेळ वाढतो. पहिल्या पट्टीला जखम तेवढीच होती, पण तिने सांगितले नाही. ती का बोलली नाही, याचे उत्तर वहीत लिहिताना आल्बुकर्कीच्या पुलाचा विचार करावा.